आकडा आणि वर्षं



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पन्नाशी ओलांडता ओलांडता हृदयविकाराच्या पहिल्याच झटक्यात गेले. त्यांना ओळखणारे आज इथे पुष्कळ आहेत. अंगाने सडपातळ, शाळेत सायकलवर येणारे, तंबाखूला कधी हात न लावलेले. त्यामुळे इतकी वर्षं उलटली तरी त्यांचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, ‘त्यांना कसा काय झटका आला?’ त्यांच्या रक्तात काय होतं हे सांगणारा कागद आपल्याकडे नाही, म्हणून त्यांच्याविषयी मी काही निदान करणार नाही. पण हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर वैद्यकाला आता बऱ्यापैकी ठाऊक झालं आहे. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्याच्याशी जोडून ऐकता येईल. रक्तातल्या चरबीचा धोका मोजायचा तर आकडा गुणिले वर्षं असा मोजायचा. एलडीएल १६० आहे, या वाक्याला अर्धाच अर्थ आहे. किती वर्षांपासून १६० आहे, हे कळलं की वाक्य पुरं होतं. वर्षानुवर्षं रुग्ण पाहून माझं असं मत झालं आहे, की आपल्या समाजात या बाबतीत जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं हा गुणाकार न केल्यामुळे होतं. आपण आकडा फार उशिरा बघतो, आणि तो खाली आला की गोळी फार लवकर सोडतो.

कोलेस्टेरॉलला आपण शत्रू ठरवून टाकलं आहे, पण त्याच्याशिवाय आपण जगू शकत नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असतं. पित्त त्याच्यापासून बनतं, स्त्रीत्वाची आणि पुरुषत्वाची संप्रेरकं त्याच्यापासून बनतात, उन्हात त्वचेत तयार होणारं ड जीवनसत्त्वही त्याच कुळातलं. आणि ते प्रामुख्याने आपलं शरीर स्वतःच तयार करतं, विशेषतः यकृत. जन्मात अंडं न खाल्लेल्या, शुद्ध शाकाहारी माणसाचं कोलेस्टेरॉल २८० निघालं की घरच्यांना धक्का बसतो, तो बसायचं कारण नाही.

चरबी रक्तात विरघळत नाही. म्हणून यकृत तिला प्रथिनांच्या वेष्टणात भरून रक्तात सोडतं. एसटीच्या गाड्या डोळ्यांसमोर आणा. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड हे प्रवासी. एलडीएल, व्हीएलडीएल, एचडीएल ही गाड्यांची नावं. प्रयोगशाळा बहुतेक वेळा प्रवासी मोजते आणि त्यावरून गाड्या किती असतील याचा अंदाज बांधते. पण धमनीच्या भिंतीत घुसते ती गाडी, प्रवाशांसकट. आणि आपल्याकडच्या पुष्कळ माणसांच्या बाबतीत गाड्या लहान असतात, प्रत्येकीत प्रवासी थोडे आणि रस्त्यावर गाड्या मात्र जास्त. प्रवासी मोजले तर सगळं ठीक दिसतं. त्रास देणाऱ्या प्रत्येक गाडीवर अपोबी नावाचं प्रथिन एक आणि एकच असतं, म्हणून अपोबी मोजलं की गाड्यांचीच मोजणी होते. ही तपासणी आता मोठ्या शहरांतून होते. ज्यांना मधुमेह आहे किंवा पोट सुटलं आहे, त्यांनी डॉक्टरांना तिच्याविषयी जरूर विचारावं.

ही गाडी भिंतीत घुसून काय करते? धमनीच्या आतलं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं. त्यातून एलडीएलचे कण आत जातात. काही बाहेर येतात, काही अडकून बसतात. अडकलेले खराब होतात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांचा थर साचतो, त्यावर तंतूंचं झाकण तयार होतं. हे सगळं भिंतीच्या आत चालतं, त्यामुळे रक्ताची वाट कितीतरी काळ मोकळी राहते. छातीत दुखत नाही, दम लागत नाही. मग एखाद्या दिवशी पातळ झालेलं झाकण फाटतं, आतला ऐवज रक्ताला लागतो, तिथे गुठळी धरते आणि काही मिनिटांत धमनी बंद होते. ‘महिन्याभरापूर्वी स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती हो!’ असं झटक्यानंतर नातेवाईक सांगतात, ते खरंच सांगत असतात. ती तपासणी अरुंद झालेली वाट शोधते. भिंतीत काय साचलं आहे ते तिला दिसत नाही.

सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह या तरुण शास्त्रज्ञाने १९१३ साली सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत हे थर तयार करून दाखवले होते. ससा शाकाहारी, त्याचं आणि माणसाचं कसं जुळणार, म्हणून जगाने फारसं मनावर घेतलं नाही. माणसाविषयीचा पुरावा चाळीस वर्षांनी, फार दुःखद वाटेने आला. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. या मुलांचं सरासरी वय होतं बावीस. त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत या विकाराची काही ना काही खूण सापडली. पन्नाशीत येणाऱ्या झटक्याची सुरुवात कॉलेजच्या वयात झालेली असते, हे तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

वर्षांचं महत्त्व सांगणारा याहून कडक पुरावा मुलांकडून आला. कौटुंबिक कोलेस्टेरॉलवाढ नावाचा एक आनुवंशिक दोष आहे. आई आणि वडील दोघांकडूनही तो आला, तर मुलाचं कोलेस्टेरॉल जन्मापासून सहाशे, आठशे, हजार असतं, आणि शाळेच्या वयात त्याला हृदयविकाराचा झटका येतो. अशा मुलांना बिडी-सिगरेट नसते, मधुमेह नसतो, ऑफिसचा ताण नसतो. फक्त एलडीएल असतं. एलडीएल एकटं धमनी बिघडवू शकतं का, या वादाला त्या मुलांनी आपल्या लहानशा आयुष्यातून उत्तर दिलं.

अशी दहा वर्षांच्या आतली भावंडं अमेरिकेत दोन तरुण डॉक्टरांनी पाहिली, मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन. पुढे डॅलसला जाऊन १९७०च्या दशकात त्यांनी कारण शोधलं. निरोगी यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे ग्राहक असतात. या मुलांत ते नसतात किंवा निकामी असतात. एलडीएल रक्तातच फिरत राहतं. या शोधाला १९८५ साली नोबेल मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी टेक्सासच्या सहा वर्षांच्या एका मुलीला पिट्सबर्गमध्ये हृदय आणि यकृत एकाच वेळी बदलून देण्यात आलं. हजाराच्या आसपास असलेलं तिचं कोलेस्टेरॉल नव्या यकृताने काही आठवड्यांत तीनशेच्या आत आणलं. पुढे सहाएक वर्षं ती जगली. तिचं कोलेस्टेरॉल उतरलं ते पथ्याने नव्हे. एलडीएल ओढून घेणारं यकृत तिला मिळालं म्हणून उतरलं.

आणि याची उलट बाजू २००६ साली डॅलसच्याच संशोधकांनी दाखवली. काही माणसांत पीसीएसके९ नावाच्या प्रथिनाचं जनुक जन्मतः निकामी असतं. हे प्रथिन यकृतावरच्या त्या ग्राहकांचा नाश करतं. ते नसलं की ग्राहक टिकतात आणि एलडीएल कमी राहतं. अमेरिकेतल्या ३,३०० हून अधिक कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांच्या पाहणीत असा बदल असलेल्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी निघालं. हृदयविकार किती कमी असावा? ८८ टक्क्यांनी. गोळीने चाळिशी-पन्नाशीत एलडीएल तेवढंच उतरवलं तर पाच वर्षांत इतका फायदा कधीच दिसत नाही. फरक वर्षांचा आहे. या माणसांनी ते कमी एलडीएल जन्मल्या दिवसापासून अंगावर वागवलं होतं.

आता आपल्याकडे वळतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम जगभर वाखाणलं गेलं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापून आलं. शेजारी शेजारी उभे असलेले दोन शास्त्रज्ञ, याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. म्हणजे दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरून बारीक आणि आतून लठ्ठ, असा आपला देह आहे. चरबी हातापायांवर कमी आणि पोटात जास्त. पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा करून याज्ञिकांनी दाखवलं, की वजनाने लहान जन्मलेलं आपलं बाळसुद्धा स्नायूंत कमी आणि चरबीत राखून असतं. पोटातली ही चरबी यकृताला सतत स्निग्धाम्लं पुरवते. यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडतं. ट्रायग्लिसराइड वाढलं की एचडीएल घटतं आणि एलडीएलचे कण लहान व संख्येने जास्त होतात. सडपातळ माणसाला झटका कसा आला, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तमिळनाडू, झारखंड, चंडीगड आणि आपला महाराष्ट्र असे चार प्रदेश तीत होते. एलडीएल वाढलेले लोक निघाले ११.८ टक्के. ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के. आणि एचडीएल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. ५२ देशांतल्या पहिल्या झटक्याच्या रुग्णांवर ‘इंटरहार्ट’ नावाचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला होता. इतर देशांतल्या माणसाला जवळजवळ ५९व्या वर्षी. सहा वर्षं! मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, घराचे हप्ते, सगळं ज्या वयात माणसाच्या खांद्यावर असतं, नेमकी तीच ही वर्षं.

आता एक रिपोर्ट तुमच्यासमोर वाचतो. कुणा एकाचा नाही, पण असे कागद माझ्या टेबलावर रोज येतात. एकूण कोलेस्टेरॉल १९६. एचडीएल ३४. ट्रायग्लिसराइड २६०. व्हीएलडीएल ५२. एलडीएल ११०. माणूस पंचेचाळीस वर्षांचा, बँकेत नोकरी, शर्टाच्या बटणांपाशी जरा ताण. तो खुर्चीत बसतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, दोनशेच्या आत आहे. नॉर्मल आहे ना?’ रिपोर्टवर १९६ पुढे ठळक अक्षरांत काही छापलेलं नसतं, म्हणून तो निश्चिंत असतो. मी त्याला पेन देतो आणि १९६ मधून ३४ वजा करायला सांगतो. येतात १६२. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीला त्रास देणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल त्यात येतं. सर्वसाधारण माणसाचंही ते १३० च्या आत हवं. या वजाबाकीला पैसे पडत नाहीत, उपाशीपोटी राहावं लागत नाही आणि कागद जुना असला तरी चालते. आज घरी गेल्यावर कपाटातला रिपोर्ट काढा आणि ती करून पाहा.

याच कागदावरचं व्हीएलडीएल पुष्कळदा मोजलेलं नसतंच. ट्रायग्लिसराइडला पाचने भागून ते काढतात आणि त्यावरून एलडीएल. ही रीत १९७२ पासूनची आहे. ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं की हा हिशेब चुकतो, तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं. ट्रायग्लिसराइड पाचशेच्या वर, आणि विशेषतः हजाराच्या वर गेलं, तर हृदयाच्या आधी स्वादुपिंडाची काळजी करायची. त्याला अचानक येणारी सूज जिवावर बेतते. दारू आणि हाताबाहेर गेलेला मधुमेह ही त्यामागची नेहमीची कारणं. कोलेस्टेरॉल नव्याने वाढलेलं दिसलं तर थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी. थायरॉइड मंद असलं की एलडीएल चढतं, आणि त्याची गोळी सुरू केली की पुष्कळदा आपोआप उतरतं.

एचडीएलविषयी थोडक्यात. ते कमी असणं ही धोक्याची खूण आहे, हे पक्कं. पण औषधाने ते वाढवून फायदा होतो, असं काही सिद्ध झालं नाही. एक औषध तर ते खूप वाढवत होतं. २००६ साली त्याची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. तेव्हा एचडीएल वाढवणारी पावडर, कॅप्सूल, काढा कुणी विकत असेल तर ते पैसे वाचवा. चाला, पोट उतरवा, तंबाखू सोडा. एचडीएल थोडं वाढेल, आणि नाही वाढलं तरी फायदा होईलच.

आकडा किती हवा? भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. ज्याला दुसरा काही त्रास नाही त्याचं एलडीएल १०० च्या आत. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या, जास्त धोक्याच्या माणसाचं ७० च्या आत. झटका, पक्षाघात किंवा अँजायना झालेल्याचं ५५ च्या आत. अँजिओप्लास्टी झालेला माणूस एलडीएल ९८ घेऊन येतो आणि प्रयोगशाळेच्या छापील तक्त्यात ते नॉर्मल असतं. तो तक्ता त्याच्यासाठी नाही.

स्वयंपाकघरात शिरण्याआधी एक गोष्ट. बाजारातल्या तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं असतं. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असतं. शेंगदाणा, करडई, तीळ, कुठल्याही वनस्पतीच्या तेलात ते मुळातच नसतं. प्रश्न आहे तो त्या तेलातल्या संपृक्त चरबीचा, कारण ती यकृतावरचे एलडीएलचे ग्राहक कमी करते. खोबरेल तेलात ती ऐंशी टक्क्यांहून जास्त, पाम तेलात जवळपास निम्मी, करडईत अगदी थोडी. सोलापूर-मराठवाड्यातल्या आपल्या आज्या करडईच्या तेलात स्वयंपाक करत आल्या, त्या काही चुकत नव्हत्या. सगळ्यांत वाईट होती ती वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी. सरकारने २०२२ पासून तिच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली, हे फार चांगलं झालं. पण तेच तेल चार वेळा तापवलेल्या कढईवर कुणाची मर्यादा चालत नाही. वरणभातावरचं चमचाभर तूप मी कुणाचं काढून घेत नाही. घरात महिन्याला माणशी किती लिटर तेल संपतं ते विचारतो. ते अर्ध्या लिटरच्या आसपास असावं. उत्तर देताना नवरा बायकोकडे बघतो, आणि बहुधा त्याच क्षणी घरात पहिल्यांदा हा हिशेब होतो.

आपल्याकडच्या ट्रायग्लिसराइडचं कारण मात्र तेलापेक्षा पिठूळ आणि गोड खाण्यात जास्त आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. श्रावणात सोमवार, शनिवार, एकादशी धरणाऱ्या माणसाला वाटतं, आपण महिनाभर कमी खाल्लं. खरं पाहता खिचडी, वडे, बटाट्याचा कीस आणि गोड चहा यांनी यकृताला ट्रायग्लिसराइड बनवायला भरपूर कच्चा माल मिळालेला असतो. उपवास करू नका असं मी म्हणत नाही. त्या दिवशी भगर, आमटी, फळं, ताक घ्या आणि एकदाच जेवा. एरवी ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, चवळी, डाळी यांतला विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतो. ती बाहेर गेली की नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. इसबगोलही हेच करतं. पण हिशेब प्रामाणिक असावा. पथ्य नीट पाळल्याने एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरतं. ट्रायग्लिसराइड मात्र कधी कधी निम्म्यावर येतं, आणि चालण्याचा खरा फायदाही तिथेच दिसतो. एलडीएल १९० असलेल्या माणसाला नुसत्या पथ्यावर दोन दोन वर्षं ठेवणं म्हणजे ती दोन वर्षं गुणाकारात घालणं आहे.

आता औषधं. गुग्गुळाविषयी मला नेहमी विचारतात, म्हणून सांगतो. सुश्रुतसंहितेतलं मेदाचं वर्णन वाचून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर गुग्गुळाचा अभ्यास केला. त्यांचा प्रबंध १९६६ सालचा. जुना ग्रंथ प्रयोगाच्या कसोटीला लावण्याचं ते फार मोलाचं काम होतं आणि त्यातूनच पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गुगुलिपिड तयार झालं. पण २००३ साली अमेरिकेत नीट आखलेली चाचणी झाली, तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उतरण्याऐवजी किंचित चढलं. सत्यवतींविषयीचा माझा आदर त्याने तसूभरही कमी होत नाही. पण एलडीएलसाठी म्हणून मी गुग्गुळ देत नाही.

ज्या औषधाने हे चित्र पालटलं, ते एका बुरशीतून आलं. अकिरा एन्डो हा उत्तर जपानमधल्या अकिता प्रांतातला शेतकऱ्याचा मुलगा. आजोबांमुळे लहानपणीच अळंबी आणि बुरशांचा नाद लागलेला, फ्लेमिंगचं चरित्र वाचून भारावलेला. टोकियोतल्या सांक्यो कंपनीत त्याने असा विचार केला, की बुरशा जर शत्रूजंतूंना मारायला पेनिसिलिन बनवतात, तर एखादी बुरशी जंतूंची कोलेस्टेरॉलसारखी द्रव्यं बनवण्याची वाटही अडवत असेल. १९७१ पासून दोन वर्षांत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६,००० जातींचे सूक्ष्मजीव तपासले. १९७३ साली हवं ते सापडलं. क्योटोच्या एका धान्यदुकानातल्या तांदळावरची ती निळसर हिरवी बुरशी होती. उंदरांना औषध दिलं, काही झालं नाही. कंपनी प्रकल्प गुंडाळायच्या बेतात होती. उंदरांच्या रक्तात एलडीएल मुळातच फार थोडं असतं, हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. मग एन्डोने अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग करायचं ठरवलं. अंड्यात इतकं कोलेस्टेरॉल, तर कोंबडीच्या रक्तात ते भरपूर असणार. कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल धडाधड उतरलं. १९७८ साली ओसाकाच्या डॉक्टरांनी ते औषध कौटुंबिक कोलेस्टेरॉलवाढ असलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलीला दिलं. पुढे सांक्योने ते काम थांबवलं. त्याच जातीचं दुसरं औषध १९८७ साली अमेरिकेत बाजारात आलं. एन्डोला त्यातून पैसा मिळाला नाही. २०२४ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो गेला. कोट्यवधी घरांत त्याचं ऋण आहे, आणि त्या घरांना त्याचं नाव ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. म्हणून ते आज इथे घेतलं.

या जातीच्या औषधांना स्टॅटिन म्हणतात. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉल बनवण्याची वाट अडवतं. आतला साठा कमी पडला की यकृत आपल्या पृष्ठभागावर एलडीएलचे जास्त ग्राहक उभे करतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. पुष्कळांना ही रक्त पातळ करायची गोळी वाटते. रक्त पातळ करण्याशी तिचा काही संबंध नाही. आणि तिचं काम असं असल्यामुळेच ती बंद केली की काही आठवड्यांत आकडा होता तिथे येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंद केली’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं आहे, तितकं दुसरं कुठलं ऐकलं नसेल. रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आला आहे. आठ महिने गोळी, दोन वर्षं बंद, पुन्हा तीन महिने गोळी, असं चालणाऱ्या माणसाच्या धमनीला उतरलेलं एलडीएल फार थोडी वर्षं मिळतं.

फायदा किती होतो? स्कँडिनेव्हियातल्या पाच देशांत हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवर झालेली चाचणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना सिम्वास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी. सुमारे साडेपाच वर्षांत पोकळ गोळीवाल्यांत २५६ माणसं गेली, औषधवाल्यांत १८२. त्यानंतरच्या अनेक चाचण्या एकत्र केल्यावर दिसलं, की एलडीएल साधारण ४० नी उतरलं की झटका-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना एक पंचमांशाहून थोड्या अधिक घटतात.

दुष्परिणामांची भीती मला समजते. यकृताची एन्झाइम्स थोडी वाढतात, बहुधा काही बिघडत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या काहींना मधुमेह थोडा लवकर होतो, पण त्यांनाच या गोळीचा फायदाही जास्त असतो. स्नायू खरोखर विरघळण्याचा गंभीर प्रकार फार क्वचित होतो. लघवी काळसर झाली आणि अंग असह्य दुखू लागलं, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा. पण रोजची अंगदुखी? लंडनमध्ये २०२० साली एक सुंदर प्रयोग झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ माणसांना वर्षभरात काही महिने स्टॅटिन, काही महिने पोकळ गोळी आणि काही महिने रिकामी बाटली दिली. रोज त्रासाला शून्य ते शंभरमधले गुण द्यायचे होते. काहीच न घेण्याच्या महिन्यांत सरासरी ८ गुण. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४. त्रास खोटा नव्हता, तो खराच होत होता. पण त्यातला बहुतेक भाग गोळी घेण्याच्या धास्तीचा होता. म्हणून माझी विनंती आहे. अंग दुखलं तर परस्पर गोळी सोडू नका, सांगायला या. मात्रा कमी करता येते, दुसरं स्टॅटिन देता येतं, दिवसाआड देता येतं, जोडीला एझेटिमाइब नावाचं दुसरं औषध देता येतं. ज्यांना काहीच चालत नाही त्यांच्यासाठी पीसीएसके९ अडवणारी इंजेक्शनं आली आहेत, पण ती अजून महाग आहेत. साधं अटोरव्हास्टॅटिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळतं.

शेवटी कुणी तपासावं ते सांगतो. अठराव्या वर्षी एकदा तरी लिपिड तपासणी व्हावी, पन्नाशीची वाट पाहू नये. लायपोप्रोटीन-ए नावाचा आणखी एक कण असतो, तो जवळपास सगळा आनुवंशिक. पथ्याने किंवा चालण्याने तो हलत नाही. म्हणून तो आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो. ५० मिलिग्रॅमच्या वर निघाला तर बाकीचे सगळे आकडे अधिक कडक ठेवायचे.

आणि ज्या घरात पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा बाईला पासष्टच्या आत झटका आला आहे, त्या घरात आई-वडील, भावंडं, मुलं सगळ्यांचं रक्त तपासायचं. एलडीएल १९० च्या वर निघालं, टाचेमागची जाड शीर गाठाळलेली दिसली, किंवा चाळिशीच्या आतच बुबुळाभोवती पांढुरकी कडा आली, तर कौटुंबिक कोलेस्टेरॉलवाढीचा संशय घ्यायचा. आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला हा दोष सुमारे अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो. हे सभागृह भरलेलं आहे. इथेही एखादा असेल. अशा मुलांना आठ-दहा वर्षांच्या वयापासून स्टॅटिन सुरू करता येतं, आणि त्यांचं आयुष्य इतरांसारखं जाऊ शकतं.

मुलाचा असा रिपोर्ट आला तर घरचे धावपळ करतात. मुलीचा आला की तो कपाटात जातो, लग्न जमताना अडचण नको म्हणून. हे मी माझ्या दवाखान्यात पाहिलं आहे, म्हणून इथे हात जोडून सांगतो. तिचा कागद तिच्या हातात द्या आणि त्यावर काय लिहिलं आहे ते तिला समजावून सांगा. तिला औषध वेळेत सुरू व्हायला हवं, आणि मूल हवं असेल तेव्हा ते थांबवायचं की नाही, कधी थांबवायचं, पुन्हा कधी सुरू करायचं, हे तिलाच तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागेल.